वाळूच्या टेकड्यांचा पहाटेचा टाइमलॅप्स

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातल्या वालुकागिरी, त्यांच्यावर सूर्य उगवताना ठरावीक सेकंदांनी एकेक फोटो काढत राहायचं आणि मग ते भराभर पळवायचे, हा झाला टाइमलॅप्स. दर ५ सेकंदाला एक धरला तर तासाभरात ७२० फोटो होतात, सेकंदाला २४ ने चालवले की व्हिडिओ बरोबर ३० सेकंदांचा.

नागपूरकरांना यासाठी कोकण कामाचं नाही, तिकडे सूर्य पाठीमागून डोंगराकडून उगवतो अन् समुद्रात बुडतो, म्हणून सुट्टीत गाडी पकडायची ती पुरीची. पुरी नागपूरच्या पूर्वेला पावणेसात अंशांवर आहे, एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा साधारण २७ मिनिटं आधी, त्यामुळे घरच्या सवयीने अलार्म लावला की हुकलंच समजा. शिवाय पुरीचा किनारा आग्नेयेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यात सूर्य पाण्यातून वर येतो, मे महिन्यात मात्र किनाऱ्याच्या कडेला सरकलेला असतो.

बरेच जण टेकडी सरकताना दिसेल म्हणून बसतात. नाही दिसत बाबा! वाऱ्याने वाळूचे कण उड्या मारत पुढे जातात खरे, पण टेकडी हलायला तासभर काहीच नाही. हलते ती सावली. सूर्य खाली असतो तेव्हा बोटभर उंचीची वाळूची लाटसुद्धा लांब सावली टाकते, वाऱ्याकडची बाजू सपाट आणि पलीकडची तीव्र उताराची असल्याने एक बाजू उजळते, दुसरी काळीच राहते, आणि सूर्य तासाला १५ अंश सरकून राहिला म्हणून या सावल्या आखडत जातात. सूर्य चांगला वर आला की सगळं सपाट, पिवळंफट.

कॅमेरा ऑटोवर ठेवला की उजेड वाढताना व्हिडिओ लुकलुकतो, मोबाईलवर निदान एक्सपोजर लॉक करावं, म्हणजे उजेडाचं माप एकदाच पक्कं करून ठेवावं. ट्रायपॉडचे पाय वाळूत हळूहळू रुततात, खाली फळी किंवा जुनी ताटली ठेवायची. हॉटेलच्या एसीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर दव जमतं, तेव्हा बॅगेत थोडा वेळ राहू द्यावी. सराव नागपुरातच अंबाझरी तलावावर होतो, वाळू नाही पण उजेड तोच.

टेकडीवर चढायचं मात्र नाही. मर्यादवेलीने वाळू धरून ठेवलेली असते, या टेकड्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपण्यासाठीच्या सरकारी नियमांत सगळ्यात कडक गटात येतात, आणि पावलांचे ठसे फ्रेममध्ये शेवटपर्यंत दिसत राहतात ते वेगळंच.