धार्मिक कर्मचाऱ्यांचा कायमस्वरूपी निवास (अमेरिका)

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील एक खास तरतूद. देवळातला पुजारी, गुरुद्वारातला ग्रंथी, मशिदीतला इमाम, चर्चमधला पाद्री किंवा मठातली जोगीण अशांना तिच्या आधारे ग्रीन कार्ड मिळू शकते. १९९० च्या स्थलांतर कायद्याने रोजगाराधारित व्हिसांची जी प्रतवारी लावली, तिच्या चौथ्या वर्गात हे लोक ‘विशेष स्थलांतरित’ म्हणून येतात. या जागेसाठी अमेरिकी कामगार उपलब्ध नाही, हे श्रम खात्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागत नाही.

अर्ज आय-३६० या नमुन्यावर होतो. तो संस्था करू शकते, तसाच स्वतः उमेदवारही. उमेदवार अर्जापूर्वीची किमान दोन वर्षे संबंधित पंथाचा सदस्य असावा लागतो आणि त्याच दोन वर्षांत त्याने सलग धार्मिक काम केलेले असावे लागते. पुढचे काम पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला सरासरी ३५ तास तरी, आणि मोबदल्याचे हवे. मोबदला पगारच असला पाहिजे असे नाही, राहणे-जेवणही चालते. बोलावणारी संस्था ना-नफा आणि करमुक्त असावी लागते.

कायदा तीन प्रकार मानतो : दीक्षित किंवा अधिकृत धर्मगुरू, व्रतस्थ जीवन पत्करलेले साधू-जोगिणी, आणि धार्मिक व्यवसायातले लोक, उदाहरणार्थ धर्मशिक्षक. सफाई, देखभाल, कारकुनी किंवा फक्त देणग्या गोळा करणे हे धार्मिक काम धरले जात नाही. लहान संस्थेत पूजा सांगणारी व्यक्तीच हिशेब लिहिते आणि दिवेही लावते. तिथे ही रेघ ओढणे अवघड जाते.

खरी कसोटी कागदांची असते. २००८ च्या नियमावलीने संस्थेकडून सविस्तर प्रतिज्ञापत्र मागायला आणि प्रत्यक्ष जागेवर तपासणी करायला सुरुवात केली. बनावट अर्ज सापडल्यामुळे ही कडक भूमिका घेतली गेली आणि तिला आधार होता. पण तिचा भार प्रामाणिक, छोट्या संस्थांवरही तेवढाच पडतो. दोन वर्षांच्या सेवेसाठी करविवरणे, वेतनपत्रके असे पुरावे मागितले जातात. दक्षिणेवर आणि भक्तांनी आणून दिलेल्या शिध्यावर चाललेली सेवा अशा रकान्यांत बसवणे कठीण असते. त्या नियमावलीनुसार अमेरिकेत केलेले काम कायदेशीर परवानगीने केलेलेच ग्राह्य होते. मात्र २०१५ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (म्हणजे संघीय न्यायव्यवस्थेतील एका विभागाच्या) अपील न्यायालयाने शालोम पेंटेकोस्टल चर्चच्या खटल्यात ही अट मूळ कायद्यात नसल्याचा निकाल दिला.

धर्मगुरूंसाठीची तरतूद कायमची आहे. बाकी दोन प्रकारांची मात्र मुदतीवर चालते. त्यांना वर्षाला ५,००० व्हिसांची मर्यादा आहे आणि अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मुदत वाढवली नाही की ती वाट बंद होते. मुदतवाढ बहुधा अर्थसंकल्पी विधेयकांना जोडून, थोड्या-थोड्या काळासाठी दिली जाते. एकाच मठातल्या साधूने महिनोन्‌महिने अनिश्चिततेत राहावे आणि धर्मगुरूला त्याची झळ लागू नये, हा भेद समर्थनीय वाटत नाही.

रांगेची अडचण दोघांनाही आहे. संपूर्ण चौथ्या वर्गाला वर्षाला रोजगाराधारित व्हिसांच्या ७.१ टक्के, म्हणजे साधारण ९,९४० जागा मिळतात. जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलेही त्यातच मोजली जातात. शिवाय पालकांनी छळलेली वा टाकून दिलेली स्थलांतरित मुलेही याच वर्गात येतात. एल साल्वाडोर, ग्वाटेमाला आणि होंडुरास या देशांच्या अर्जदारांची रांग परराष्ट्र खाते आधी वेगळी ठेवत असे. एप्रिल २०२३ पासून ती सर्वसाधारण रांगेत मिसळली आणि भारतीय पुजाऱ्यांसह सर्वांची प्रतीक्षा एकदम काही वर्षांनी लांबली.

बहुतेक जण आधी आर-१ या तात्पुरत्या व्हिसावर येतात. तो एका वेळी ३० महिन्यांपर्यंत मिळतो, कमाल पाच वर्षे. ग्रीन कार्डाची रांग त्याहून लांब झाली, तर अर्ज मंजूर असूनही सेवा थांबवून देश सोडावा लागतो आणि ज्यांच्यासाठी त्याला बोलावले, ती मंडळी पुरोहिताविना राहतात. ही कोंडी सोडवण्यासाठी २०२५ मध्ये काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांचा पाठिंबा असलेले एक विधेयक मांडले गेले. रांगेत असलेल्यांचा तात्पुरता दर्जा पाच वर्षांपुढे वाढवता यावा, असा त्याचा प्रस्ताव होता.