लुकआउट (विमानचालन)

लुकआउट म्हणजे पायलटने उडताना सतत बाहेर बघत राहायचं आणि दुसरं विमान दिसलं की वेळेत बाजूला व्हायचं. स्वच्छ हवेत व्हीएफआरने (म्हणजे बाहेर बघून उडायच्या नियमांनी) उडताना टक्कर टाळायची जबाबदारी शेवटी पायलटच्या डोळ्यांवरच असते. आणि बऱ्याचशा टकरा होतात त्या ढगात वगैरे नाही, तर दिवसाउजेडी, चांगल्या हवेत, एअरपोर्टच्या आसपास, कारण छोटी विमानं तिथंच गोळा होतात.

खरी अडचण अशी की जे विमान आपल्यावर आदळणार असतं ते काचेत सरकतच नाही. हलणारी वस्तू डोळा पटकन पकडतो, पण हा ठिपका एकाच जागी, काचेवरच्या डागासारखा, आणि मोठा होतो तो अगदी शेवटच्या काही सेकंदांत. त्यात समोर नुसतं निळं आकाश असलं की डोळ्यांचा फोकस आपोआप जवळ येऊन बसतो. म्हणून नजर सरसर फिरवून उपयोग नाही, १०-१० अंशांचे तुकडे पाडून प्रत्येकावर निदान १ सेकंद थांबायचं, आणि फ्रेमच्या आड काही लपलेलं असू शकतं म्हणून डोकंपण पुढे-मागे करायचं.

दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात असं अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था एफएए धरते. प्रत्येकी १०० नॉटने (ताशी साधारण १८५ किमी) समोरासमोर येणारी दोन साधी सेसना (छोटी खाजगी विमानं) तेवढ्यात जवळपास १.३ किमी अंतर खाऊन टाकतात, जेटचं तर विचारूच नका. समोरासमोर आले तर दोघांनी उजवीकडे वळायचं, हा नियम सगळीकडे सारखाच.

कुठं बघायचं ते आधी कळलं तर विमान सापडायची शक्यता खूप वाढते, पण तेही पुरेसं नाही. २५ सप्टेंबर १९७८ ला अमेरिकेत सॅन दिएगोत पीएसए या विमानकंपनीच्या बोइंग ७२७ ला जमिनीवरच्या कंट्रोलरने पुढच्या सेसनाबद्दल सांगितलं होतं, क्रूने दिसतंय म्हणून कळवलंही, मग ती नजरेतून सुटली आणि मागे गेली असेल असं त्यांनी धरून चालले. ती खाली पुढेच होती, घरांच्या रंगीबेरंगी पसाऱ्यात मिसळलेली. १४४ माणसं गेली.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सेरिटोसवर झालेल्या विमानांच्या टकरीनंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना टीकॅस (जवळच्या विमानाचा इशारा देणारं यंत्र) सक्तीचं झालं. मात्र समोरच्याकडे चालू ट्रान्सपाँडर (रेडिओने आपली ओळख कळवणारं यंत्र) असेल तरच टीकॅसला तो दिसतो, त्यामुळे बरीच ग्लायडर आणि जुनी छोटी विमानं त्यातून सुटतात, तिथं परत डोळेच.