हिअर कम्स द सन

‘हिअर कम्स द सन’ हे बीटल्स या ब्रिटिश बँडचे १९६९ मधील गाणे. गीत, चाल आणि मुख्य आवाज बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याचा. ऐकताना वाटते, हे लिहिणाऱ्याला कसली चिंताच नसावी. प्रत्यक्षात ते वर्ष त्याला फार जड गेले होते. जानेवारीत तो बँड सोडून निघून गेला आणि काही दिवसांनी परतला. फेब्रुवारीत टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली, मार्चमध्ये अमली पदार्थ बाळगल्यावरून अटक. त्यात बँडच्या ‘ॲपल’ कंपनीचा कारभार विस्कटलेला. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन १९६७ मध्ये वारल्यापासून हिशेब आणि सह्यांच्या बैठका चौघांच्या मागे लागल्या होत्या.

एप्रिलमध्ये एके दिवशी हॅरिसनने अशा बैठकीला चक्क दांडी मारली आणि सरे परगण्यातले गिटारवादक मित्र एरिक क्लॅप्टनचे घर गाठले. इंग्लंडचा लांबलेला हिवाळा सरत होता. क्लॅप्टनचीच एक गिटार घेऊन तो बागेत फिरू लागला आणि गाणे तिथेच सुचले. शब्द जूनमध्ये सार्डिनियात पुरे झाले. यातला आनंद सुटकेचा आहे, म्हणूनच कडव्यात त्या लांब, एकाकी हिवाळ्याची आठवण निघते.

गिटारवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी पट्टी, सातव्या पडद्याला लावलेला आहे. त्यामुळे स्वर उंच, टणत्कारी येतात, आणि सुरुवातीचे छेडणे ऐकताच गाणे ओळखू येते. मधल्या भागात मात्र साधा चार मात्रांचा ठेका मोडतो. तीन-तीन मात्रांचे तुकडे एकापाठोपाठ येतात आणि मग सम गाठली जाते. आपल्या कानाला ही तिहाईची, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याची, ओढ लगेच जाणवते. हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकला होता, आणि ती शिकवण इथे सतारीविना उतरली आहे. माझ्या मते त्याच्या सतारीच्या गाण्यांपेक्षाही इथे ती जास्त मुरलेली आहे.

ध्वनिमुद्रण ७ जुलै १९६९ रोजी, ड्रमर रिंगो स्टारच्या २९व्या वाढदिवशी, लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत सुरू झाले. बँडमधला जॉन लेनन तेव्हा स्कॉटलंडमधील मोटार अपघातातून सावरत होता. या गाण्यात तो कुठेच नाही. ऑगस्टमध्ये निर्माता जॉर्ज मार्टिनने बांधलेला वाद्यवृंद आणि हॅरिसनने वाजवलेला मूग सिंथेसायझर (एक इलेक्ट्रॉनिक वाद्य) यांची भर पडली.

२६ सप्टेंबर रोजी निघालेल्या ‘ॲबी रोड’ या तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे हे पहिले गाणे. पहिली बाजू गिटारच्या जड, घुमत्या आवर्तनांवर चढत जाते आणि मध्येच कापल्यासारखी थांबते. श्रोता उठतो, तबकडी उलटतो, सुई ठेवतो, आणि ही गिटार सुरू होते.