डोळ्यात जाते ती धूळ, हृदयापर्यंत जातो तो धूर

गाळप हंगाम सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, अथणी, संकेश्वरकडच्या गच्च्यांवर एकच तक्रार ऐकू येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळं पडतं. कारखान्याच्या बॉयलरात उसाचा भुसा जळतो, त्याची अर्धवट जळालेली कुसळं वाऱ्यावर उडत येतात आणि नेमकी पांढऱ्या धोतरावर बसतात. मग निवेदनं निघतात आणि त्यात एक वाक्य हटकून असतं: या राखेमुळे गावात हृदयविकार वाढला. कारखान्याला जाब विचारा, जरूर विचारा, पण कुसळ दाखवून हृदयविकाराचा जाब विचारला तर समोरचा साहेब हसून फाईल मिटतो, आणि शास्त्राच्या हिशेबाने त्याचं चुकत नाही. डोळ्यांना दिसण्याएवढं मोठं कुसळ फुफ्फुसाच्या तळाशी पोचतच नाही. त्याच चिमणीतून जे पोचतं ते धोतरावर दिसत नाही आणि निवेदनातही येत नाही.

धूळ आणि धूर यांची ही गल्लत मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सरळ लिहूनच काढतो.

धुळीबद्दल आपल्या भागातल्या माणसाला काही शिकवायला नको. स्मार्ट सिटीच्या नावाने उकरलेले रस्ते, खानापूर रोडवरचे मातीचे टिप्पर, निपाणीत तंबाखूच्या वखारीसमोरून जाताना येणारी हमखास शिंक, सगळं अंगवळणी पडलेलं. धूळ दिसते, डोळ्यात जाते, घसा खवखवतो, सर्दी होते, दमेकऱ्याचे हाल होतात. पाणी मारलं की बसते. एवढं पुरे. मोठा अपवाद उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीच्या वाळूचा. तिच्यातली बारीक सिलिका फुफ्फुसाला कायमची व्रणं पाडते, त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो विषय स्वतंत्र लिहिण्याएवढा गंभीर आहे, इथे तो उरकायचा नाही.

आकाराचं गणितही थोडक्यात सांगतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण मिळून पीएम १०, आणि त्यातले २.५ मायक्रॉनपर्यंतचे ते पीएम २.५. म्हणजे दुसरा आकडा पहिल्याच्या पोटातच असतो, हे दोन वेगळे ढीग नव्हेत. रस्त्याची माती, सिमेंट, वाळू यांचं वजन मुख्यतः मोठ्या कणांत असतं. लाकूड, शेणी, पाचट, डिझेल, कचरा असं काहीही जाळलं की जे निघतं ते जवळजवळ सगळं बारीक. मोठा कण लवकर खाली बसतो: स्थिर हवेत १० मायक्रॉनच्या कणाला एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटं लागतात, एक मायक्रॉनच्या कणाला सुमारे आठ तास. वारा असला तर तो बसतच नाही, पुढच्या गावाला जातो. महाराष्ट्रातल्या चंदगडकडे पेटवलेल्या पाचटाचा धूर सीमेवर थांबून कुठल्या राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे तक्रार जाणार ते विचारत नाही.

इथवर बहुतेकांना कळतं. लोक अडखळतात ते पुढे, आणि तेही एकाच वाक्यावर: "मला खोकला सुदिक येत नाही की ओ!"

हे वाक्य मी चुलीशी बसणाऱ्या मावशींकडून ऐकलं आहे, रोज संध्याकाळी अंगणात पाचोळा पेटवणाऱ्या काकांकडून ऐकलं आहे आणि चांगल्या शिकल्यासवरल्या, सकाळी बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्या मंडळींकडूनही ऐकलं आहे. त्यामागचा समज साधा आहे: हवेचा त्रास म्हणजे छातीचा त्रास, छातीचा त्रास म्हणजे खोकला, खोकला नाही म्हणजे त्रास नाही. धुळीला हे मोजमाप चालतं. धुराला चालत नाही.

कारण शरीराच्या रचनेतच आहे. खोकल्याची ढास ज्या मज्जातंतूंमुळे येते ते घशात, श्वासनळीत आणि तिच्या मोठ्या फांद्यांत असतात. धुळीचे मोठे कण तिथेच अडकतात, ढास लागते, चिकट स्रावाबरोबर कण वर ढकलले जातात आणि थुंकीवाटे किंवा पोटात निघून जातात. खोकला म्हणजे पहारा जागा असल्याची खूण. बारीक कण हा सगळा पहारा ओलांडून अगदी टोकाला, वायुकोशांत जातात. प्राणवायू रक्तात शिरतो ती ही जागा. तिथे खोकल्याचे तंतूच नाहीत. वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा तर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. आग लागली आहे हे सांगायला तिथे घंटाच बसवलेली नाही. ताज्या धुराने डोळ्यांत पाणी येतं, ठसका लागतो, तो त्यातल्या तिखट वायूंमुळे. तासाभराने ते विरतात आणि बारीक कण हवेत राहतात. म्हणूनच धुराचा वास गेला म्हणजे धूर गेला असं होत नाही.

आत पोचलेला कण तीन वाटांनी हृदयाला गाठतो. पहिली वाट: वायुकोशातल्या पेशी त्याच्याशी झुंजतात, सूज येते आणि सुजेची रसायनं रक्तात उतरतात. रक्त गोठण्याकडे झुकतं आणि रक्तवाहिनीच्या आत वर्षानुवर्षं साचलेला मेदाचा थर अस्थिर होतो. दुसरी: फुफ्फुसातल्या मज्जातंतूंमार्फत, आपल्याला काही न जाणवता, हृदयाच्या ठोक्यांवरचं नियंत्रण बिघडतं, रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो. तिसरी: अतिसूक्ष्म कण पडदा ओलांडून थेट रक्तातच शिरतात. या तिन्ही वाटांवर खोकला कुठेच लागत नाही. मेदाचा थर फुटून त्यावर गाठ धरली की हृदयाला किंवा मेंदूला जाणारं रक्त अडतं. घरचे मग म्हणतात, कालपर्यंत तर ठणठणीत होते.

अमेरिकेत सहा शहरांतल्या आठ हजारांहून जास्त माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारीक कण जास्त असलेल्या शहरांत माणसं लवकर मरत होती आणि त्यांत हृदय आणि फुफ्फुसाच्या आजारांनी मरणारे ठळक होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० साली स्पष्टच म्हटलं की पीएम २.५ मध्ये काही तास ते काही आठवडे राहिल्यानेही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं राहिलं तर धोका आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ४२ लाख माणसं अकाली गेली. त्यांतली सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताने. फुफ्फुसाने नव्हे. हा आकडा मी ज्यांना सांगतो ते आधी तो उलटा ऐकतात आणि मला दुरुस्त करतात.

खोकल्याच्या खालोखाल फसवणारी गोष्ट म्हणजे "थोडासाच तर आहे". हृदयाचा धोका धुराच्या प्रमाणात सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीच्या थोड्या धुरालाच तो झपकन चढतो आणि पुढे चढण मंदावते. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या विसावा हिस्सा असायला हवा, असं वाटतं. प्रत्यक्षात तो जवळपास निम्मा निघतो. आता हेच घराला लावून बघा. आपल्याकडे गॅस आला, उज्ज्वला योजनाही २०१६ पासून आहे, स्वयंपाक गॅसवर होतो. पण अंघोळीचं पाणी मागच्या दारी लाकडांवर, भाकरी "चुलीवरचीच गोड लागते" म्हणून चुलीवर, आणि पावसाळ्यात ओलं जळण फुंकून फुंकून पेटवायचं. धूर निम्म्यावर आला असेल, हृदयाचा धोका निम्म्यावर आलेला नसतो. चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करणारे पुरुष फुंकणी हातात धरत नाहीत, हेही इथेच नोंदवतो. पाणी तापवायला सोलर किंवा गॅस गिझर हा घरातल्या बाईच्या हृदयावरचा खर्च धरावा, चैनीच्या खात्यात टाकू नये. गिझर मात्र हवा खेळती असेल तिथेच बसवा, बंद न्हाणीत नको.

घरातला दुसरा धूर डासांच्या कॉइलचा. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. रात्रभर खिडक्या बंद करून पोराच्या उशाशी ती लावायची आणि सकाळी रस्त्यावरच्या धुळीने पोर आजारी पडतं म्हणायचं! मच्छरदाणी लावा.

निपाणीत ही गल्लत फार कडवट होते. वखारीत जर्दा चाळणाऱ्या बायका दिवसभर शिंकतात, डोळे चोळतात, त्यांचा त्रास सगळ्यांना दिसतो आणि तो खराच आहे. संध्याकाळी त्याच तंबाखूची विडी घरातल्या एकाच खोलीत ओढली जाते, तेव्हा कुणी शिंकत नाही, म्हणून कुणी काही बोलतही नाही. विडी न ओढणाऱ्या बाईच्या हृदयाला तिची झळ बसते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली तिथे हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या घटल्याचं बऱ्याच देशांत दिसलं आहे. आपल्याकडे ही बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर आहे. आपल्या बसस्टँडवर ती कितपत आहे, ते तुम्हीच बघा.

सरकारी हिशेबही धुळीकडेच झुकलेला. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातली बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही शहरं त्यात आहेत आणि प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली जाते. साहजिकच पैसा रस्ते झाडायच्या यंत्रांवर आणि पाण्याच्या फवाऱ्यांवर जातो, कारण आकडा त्यानेच खाली येतो. बेळगाव यादीत नाही, म्हणजे आपली हवा शुद्ध, असं म्हणणारे भेटतात. थंड हवेचं जुनं कौतुक आपल्या डोक्यातून जात नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि शहापूर-वडगावचा सगळा सकाळचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. धुकं समजून त्यात जॉगिंग करणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. उन्हं वर आल्यावर फिरायला जा.

मोबाईलवर हवेचा निर्देशांक बघत असाल तर पुढचा आकडा उघडून पीएम २.५ वेगळा बघा. भारतात त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ सांगितली. चोवीस तासांचा आकडा ६० असला तरी आपला निर्देशांक "समाधानकारक" म्हणतो, संघटनेची चोवीस तासांची पातळी १५ आहे. पीएम १० मध्ये निम्म्याहून बराच जास्त हिस्सा २.५ चा असेल तर जवळपास काहीतरी जळतंय असं समजा. हिस्सा थोडा असेल तर धूळ.

उपायांतही तीच गल्लत. गुऱ्हाळावर चुलवणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारणारा जळव्या तोंडाला टॉवेल गुंडाळतो. पाळी संपल्यावर टॉवेल सोडला की नाकपुड्यांच्या जागी दोन काळे ठिपके उमटलेले असतात आणि तो अभिमानाने म्हणतो, बघा, सगळं टॉवेलनं धरलं. त्याने धरलं ते जाडं. बारीक कणांसाठी टॉवेल, रुमाल, ओढणी म्हणजे बटाट्याच्या जाळीदार पोत्यात पीठ भरणं. चेहऱ्याला नीट घट्ट बसणारा एन ९५ मास्क बारीक कणही अडवतो आणि गुऱ्हाळमालकाने तो जळव्याला द्यायलाच हवा. त्याहून बरं म्हणजे चिमणी उंच बांधणं आणि चिपाडं पुरती वाळल्याशिवाय न जाळणं, कारण ओलं जळण सगळ्यांत जास्त धुरतं. झाडं लावून धूर जाईल, हाही लाडका समज. झाडं लावा, पानांवर धूळ बरीच बसते, सावली मिळते, पण पेटत्या पाचोळ्याचा धूर झाड गिळत नाही. त्याच झाडांचा पाचोळा सकाळी गोळा करून कोपऱ्यावर पेटवणाऱ्यांना झाडं लावल्याचं पुण्यही मिळू नये.

शेतातलं पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवता येतं, कुट्टी करून कुजवता येतं, जमिनीत ओल टिकते. आमच्या भागातले काही शेतकरी ते करतातही. गल्लीतल्या पाचोळ्याला खड्डा पुरतो. आणि धूळ बसवायला पालिकेचा टँकर आला तर त्याला रस्त्यावर पाणी मारू द्याच, फक्त कोपऱ्यावर धुमसणारा ढीग विझवायला त्यातल्या दोन बादल्या आधी मागून घ्या.