एरलितोउच्या पिरोजा जडवलेल्या ब्राँझ प्लेट्स

एरलितोउ हे चीनच्या हेनान प्रांतात लुओयांगजवळचं गाव. १९५९ मध्ये इथे कांस्ययुगातल्या मोठ्या वस्तीचा पत्ता लागला, काळ ढोबळमानाने इ.स.पू. १७५० ते १५३०. बरेच चिनी अभ्यासक हिला श्या घराण्याची, म्हणजे परंपरेनुसार चीनच्या पहिल्या राजघराण्याची, राजधानी मानतात, पण तसं लिहिलेलं काहीच तिथे मिळालेलं नाही त्यामुळे वाद चालूच आहे.

इथल्या थडग्यांत १९८१, १९८४ आणि १९८७ मध्ये एकेक अशा तीन प्लेट्स निघाल्या. लांबी साधारण १४ ते १७ सेंमी, म्हणजे मोबाईलएवढीच पण बरीच रुंद, मधे जराशी बारीक. ब्राँझ ओततानाच उठावाच्या रेषा काढलेल्या आणि मधल्या जागेत पिरोज्याचे मापात घासलेले तुकडे चिकटवलेले. नीट बघितलं की गोल डोळ्यांचा जनावराचा चेहरा दिसतो, कोणतं जनावर यावर मात्र कोल्ह्यापासून ड्रॅगनपर्यंत सगळं म्हणून झालंय. आता ब्राँझ हिरवं पडल्यामुळे दगड आणि धातू एकाच रंगाचे वाटतात, नवीन असताना ब्राँझ पिवळंधमक आणि मधे निळा-हिरवा पिरोजा, तो थाट फोटोवरून कळतच नाही.

खरी गंमत प्लेट थडग्यात कुठे होती यात आहे. ती मृताच्या छातीच्या आसपास होती, सोबत ब्राँझची घंटा, आणि प्लेटच्या दोन्ही बाजूंना दोरा ओवायला कड्या. म्हणजे ही कपड्यावर शिवून अंगावर मिरवायची वस्तू, आणि घालणारा कोणी साधासुधा माणूस नसणार. २००२ मध्ये आणखी एका थडग्यात पिरोज्याच्या २००० हून जास्त तुकड्यांचा, ६० सेंमीपेक्षा लांब ड्रॅगन मिळाला. एकेक तुकडा जेमतेम १ मिमी जाड! तिथेही अंगावर घंटा होतीच, त्यामुळे प्लेट आणि ड्रॅगन एकाच प्रथेतले वाटतात. वस्तीच्या राजवाड्याच्या दक्षिणेला पिरोज्याचं काम करणारा कारखानाही सापडलाय, तिथे कापकामाचा कचरा ढिगाने पडलेला.

अशाच प्लेट्स हार्वर्डसारख्या परदेशी म्युझियममध्येही आहेत, दिसायला सुंदर, पण बाजारातून आलेल्या, त्यामुळे कुणाच्या अंगावर होत्या, शेजारी घंटा होती का, काही सांगता येत नाही. चीनच्याच सिच्वान प्रांतात सानशिंगद्वे या प्राचीन वस्तीजवळही तशाच प्लेट्स निघाल्यात, एरलितोउपासून शेकडो किलोमीटर लांब, म्हणजे ही फॅशन बरीच पसरली होती.