धुळीने उडवलेली खाण

10 मार्च 1906 रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास उत्तर फ्रान्समधल्या कूरिएरच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 1,099 माणसे गेली. युरोपातली ती सर्वांत भीषण खाण दुर्घटना. पहिली ठिणगी कुठे पडली हे चौकशीत ठरलेच नाही. पण सुमारे 110 किलोमीटर भुयारांतून स्फोट धावला कसा, याचा उलगडा झाला. या खाणीत मिथेन या ज्वलनशील वायूचा धोका फारसा नाही असा समज होता, म्हणून उघड्या ज्योतीचे दिवे वापरले जात. इथे जळाली ती कोळशाची धूळ.

मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की पेट घेतो. धुळीला साधारण घनमीटरला 50 ग्रॅम पुरतात. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच भुयार घ्या. दर मीटर लांबीत 4 घनमीटर हवा, म्हणजे 200 ग्रॅम धूळ. छत, जमीन आणि दोन्ही भिंती मिळून 8 चौरस मीटर जागेवर ती पसरली, तर थर भरतो जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका. भिंतीवरून बोट फिरवले तर ते काळे होईल, बस्स.

बसलेली धूळ स्फोट करत नाही, ती आधी उडावी लागते. ते काम पहिला छोटा भडका करतो. त्याच्या दाबाची लाट ज्वाळेच्या पुढे धावते आणि धूळ उचलते. मागून येणारी ज्वाळा ती पेटवते, त्यातून आणखी दाब तयार होतो. धूळ संपेपर्यंत हे चालूच राहते.

कूरिएरनंतर ताफानेल या फ्रेंच अभियंत्याने लिएव्हँ इथे मुद्दाम बांधलेल्या भुयारात असे स्फोट घडवून पाहिले. यावरचा उपाय वरवर विचित्रच: धुळीत आणखी धूळ मिसळायची, पण न जळणारी. चुनखडीची बारीक भुकटी त्याच लाटेबरोबर उडते आणि ज्वाळेची उष्णता शोषून घेते. भारतातल्या नियमांनुसार भुयारातल्या एकूण धुळीत न जळणारा भाग किमान 75 टक्के लागतो, आणि कोळशात ज्वलनशील बाष्पांश (तापवल्यावर वायू होऊन निघणारा भाग) 30 टक्क्यांहून जास्त असेल तर 85. चंद्रपूर-नागपूर पट्ट्यातल्या भुयारी खाणींनाही हेच लागू. मोक्याच्या जागी छताजवळ भुकटीने भरलेल्या फळ्याही ठेवतात. त्या ठोकायच्या नसतात, कारण लाटेचा धक्का बसताच कोसळल्या पाहिजेत.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. भुकटीला ओल लागली की तिच्या खपल्या होतात आणि ती उडतच नाही. दुसरे म्हणजे, काम चालू असताना पांढऱ्या थरावर रोज नवी काळी धूळ बसते. तपासणीसाठी धुळीचा नमुना खोल खरवडून घेतला तर टक्केवारी उत्तम येते, पण आधी उडणार असतो तो वरचा पातळ थरच. भारतात 28 मे 1965 रोजी धोरी खाणीत झालेल्या स्फोटात 268 जण दगावले.

स्फोटातून वाचलेल्यांना गाठतो कार्बन मोनॉक्साइड. हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बळी बहुधा आगीचे नव्हे, या वायूचे असतात, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1896 मध्येच दाखवले होते. कूरिएरमध्ये आत कोणी जिवंत नसणार असे धरून शोध आवरता घेतला गेला. वीस दिवसांनी 13 जण बाहेर आले, आणखी काही दिवसांनी एक.

आता खाणकामगाराच्या कमरेला अशा वायूपासून वाचवणारे स्वयंरक्षक यंत्र असते. त्याच्या गाळणीच्या प्रकारात हॉपकॅलाइट हे रसायन विषारी वायूचे कार्बन डायऑक्साइड करते, पण ऑक्सिजन देत नाही. हवेत तोच नसेल तर हे यंत्र कुचकामी. वायू जितका जास्त, तितका श्वास गरम लागतो. घाबरून तोंडातली नळी काढायची नाही, तसेच चालत राहायचे, हे प्रशिक्षणात घोकून घेतात.