भूजन्य प्लास्टिकचा सागरी प्रवाह : अंदाज व तापी खोरे

जमिनीवर निर्माण होणाऱ्या प्लास्टिक कचऱ्यापैकी दर वर्षी किती समुद्राला मिळतो, हे ठरविण्याची गणिती पद्धत. सगळा कचरा तराजूत घालता येत नाही. म्हणून लोकसंख्या, दरडोई कचरा, त्यातील प्लास्टिक आणि विल्हेवाटीविना राहणारा हिस्सा यांच्या गुणाकारावर भिस्त असते.

जेन्ना जॅम्बेक व सहकाऱ्यांचा २०१५ मधील अंदाज सर्वाधिक उद्धृत होतो. १९२ किनारी देशांत २०१० साली २७.५ कोटी टन प्लास्टिक कचरा झाला व ४८ लाख ते १.२७ कोटी टन समुद्रात गेला, असे त्यांनी मांडले. विल्हेवाटीविना राहिलेल्यापैकी १५ ते ४० टक्के समुद्रात जातो, हे त्यातील गृहीतक सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील नोंदींवर बेतलेले होते. शिवाय किनाऱ्यापासून ५० किमी.पर्यंतचीच वस्ती धरली होती. या पट्ट्यात खानदेशातील एकही गाव येत नाही. सबब धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांचा वाटा शून्य. धुळ्यात उन्हाळ्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात बाभळींना अडकलेल्या पिशव्या पाहणाऱ्याला हे शून्य पटणे कठीण.

नदीनिहाय पद्धतीत हा भाग हिशेबात येतो, कारण पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेखाली खंबातच्या आखाताला. लेब्रेटन व सहकाऱ्यांनी (२०१७) नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा वार्षिक भार ११.५ ते २४.१ लाख टन धरला. त्यातील ७४ टक्क्यांहून अधिक मे ते ऑक्टोबर या काळातील. श्मिट व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ४.१ ते ४० लाख टन असा फारच ऐसपैस पल्ला दिला. मायर व सहकाऱ्यांच्या (२०२१) मते ८० टक्के भार हजाराहून अधिक नद्यांत विभागलेला असून शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. पांझरेसारख्या नदीला हीच मांडणी अधिक लागू पडते.

खरा पेच धरणांचा. लेब्रेटन यांच्या प्रारूपात बंधाऱ्यामागे प्लास्टिक अडून राहते असे मानले आहे. तापीवर हतनूर, पुढे प्रकाशा व सारंगखेडा येथील बॅरेज, त्याखाली गुजरातेतील उकाई (१९७२) व काकरापार अशी साखळी आहे. उकाईचा विस्तीर्ण जलाशय गाळ अडवतो, तसा जड कचराही अडवणार. तरंगणाऱ्या पुड्यांचे तसे नाही. हतनूरचे ४१ दरवाजे पूर्ण उघडले जातात तेव्हा वार्षिक सरासरी निरुपयोगी ठरते.

नद्यांतील सूक्ष्मप्लास्टिकचे (प्लास्टिकच्या बारीक कणांचे) पूर्वीचे आकडे शंभर ते हजार पट फुगलेले होते, असे वाइस व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखविले. कांडॉर्प व सहकाऱ्यांनी (२०२३) मासेमारीसह सर्व मार्गांनी मिळून वर्षाला सुमारे ५ लाख टन धरले. लहान आकड्यांचा पक्ष सध्या सबळ दिसतो.

कचऱ्याचा प्रकारही महत्त्वाचा. ठिबकच्या जुन्या नळ्यांना भंगारात भाव मिळतो, जळगावच्या चटई उद्योगाला पुनर्वापराचा माल लागतो. शाम्पूच्या पुडीला कोणी विचारत नाही. कॉटम व सहकाऱ्यांनी (२०२४) उघड्यावर जाळलेला कचराही मोजला आणि २०२० सालासाठी पर्यावरणात सुटणाऱ्या प्लास्टिकचा भारताचा आकडा ९३ लाख टन, म्हणजे जगात सर्वाधिक, काढला. गावाबाहेरच्या उकिरड्यावर पेटविलेले प्लास्टिक त्या मोजणीत येते, तापीच्या मोजणीत नाही.